'शिक्षा' : इंदूरला खेळाचा तास, बेळगावला छडी

इंदूर-ग्वाल्हेरकडच्या हिंदी शाळांच्या वेळापत्रकात 'शारीरिक शिक्षा' असा तास असतो. मुलं त्याची वाट बघतात, कारण तो खेळाचा तास. तेच दोन शब्द बेळगाव किंवा कोल्हापूरच्या पालकाने वाचले तर डोळ्यांसमोर छडी येते. मराठीत खेळाचा तास म्हणजे 'शारीरिक शिक्षण'; 'शारीरिक शिक्षा' म्हणजे मार, ज्याला शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मनाई केली आहे. हिंदीत त्यालाच 'शारीरिक दंड' म्हणतात. आपल्याकडे दंड म्हटलं की आधी खिसा आठवतो!

शब्द संस्कृतातला. 'शक्' म्हणजे करू शकणे. त्याच्या इच्छार्थक रूपातून 'शिक्ष्' आला. जमावं अशी इच्छा धरणं, म्हणजेच शिकणं. सहा वेदांगांपैकी 'शिक्षा' हे उच्चारांचं शास्त्र. मराठी 'शिकणे' आणि हिंदी 'सीखना' याच घरातले. 'शिष्य' मात्र नाही, तो 'शास्' धातूचा. पण त्या धातूचीही वाट तीच: शिकवणं, धाकात ठेवणं, मग दंड. घरपट्टी थकली की लागणारी 'शास्ती' तिथलीच.

हिंदी-बंगालीने शिकण्याचा अर्थ धरला. मराठी, कन्नड, तेलुगू आणि मल्याळमने दंडाचा. कन्नडमध्येही 'शिक्षे' म्हणजे दंड आणि 'शिक्षण' म्हणजे शिक्षण, त्यामुळे या एका शब्दावरून तरी सीमाभागात वाद नाही. तेलुगूत 'शिक्षण' म्हणजे प्रशिक्षण. शाळेतली ती 'विद्य'. वडोदऱ्यात गुजराती 'शिक्षा' बोलण्यात बहुधा सजाच.

केंद्राच्या योजना मात्र हिंदी नावाने येतात. 'सर्व शिक्षा अभियान' महाराष्ट्रात त्याच नावाने चाललं आणि शिक्षकांच्या खोलीत विनोदाचा विषय झालं. कर्नाटकाने 'सर्व शिक्षण' करून घेतलं. २०२० मध्ये केंद्रात 'शिक्षा मंत्रालय' आलं. मराठी वर्तमानपत्रं ते 'शिक्षण मंत्रालय' असंच छापतात, आणि बरोबर करतात.

खरी अडचण कागदपत्रांत. 'मला कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही' हे मराठी प्रतिज्ञापत्रातलं वाक्य हिंदी राज्यात द्यायचं असेल, तर 'शिक्षा' तशीच ठेवू नये. तिथे 'सजा' लिहावं. उलट हिंदी अर्जातल्या 'शिक्षा' रकान्यात दहावी-बारावी भरायची, पोलीस केस नव्हे. आणि महाराष्ट्रातल्या सातबाऱ्याच्या कामात 'सजा' दिसला तर घाबरू नये, तो तलाठ्याच्या हद्दीचा.