कट्टा बदलताना काय सोबत न्यावं?

होळकरांच्या काळात माळव्यात स्थिरावलेल्या मराठी घरांनी गाव बदललं, पण भाषा सोबत आणली. आज इंदूरच्या पलासियात, छप्पन दुकान या खाऊगल्लीच्या गर्दीत, बोलणं हिंदीत रंगतं. मराठी गप्पांचा कट्टा बहुधा मोबाईलवर भरतो. म्हणून तो कुणाच्या मालकीचा, हा प्रश्न इथे जिव्हाळ्याचा आहे. 2020 मध्ये सुरू झालेल्या, पिवळ्या पक्ष्याचं बोधचिन्ह असलेल्या ‘कू’ या समाजमाध्यमाने मराठीसह अनेक भारतीय भाषांना जागा दिली, पण जुलै 2024 मध्ये त्या पक्ष्याचं घरटंच मोडलं.

कुणी म्हणेल, मग जिथे सगळे आहेत तिथेच राहावं. पण ऑर्कुटवरही गर्दी होतीच, तरी 30 सप्टेंबर 2014 ला ते बंद झालं. मोठेपणा म्हणजे टिकाऊपणा नव्हे. नोव्हेंबर 2019 मध्ये ट्विटरवर नाराज झालेले अनेक भारतीय मॅस्टोडॉन या दुसऱ्या समाजमाध्यमाकडे वळले. ते एकाच मालकाचं नाही, अनेक स्वतंत्र सर्व्हरचं मिळून बनलं आहे; त्यांतला कोणता निवडावा, इथेच नवखा माणूस अडखळतो, हा आक्षेप खरा आहे. मात्र सर्व्हर बदलला तरी अनुयायी सोबत नेता येतात. जुन्या पोस्ट तेवढ्या मागे राहतात. पर्याय जोखायची कसोटी हीच: निघताना आपली माणसं आणि आपले शब्द यांतलं किती हाती उरतं?