बीबॉप

बीबॉप ही अमेरिकन जॅझ संगीतातली एक शैली. साधारण १९४० ते १९४५ या काळात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत, कृष्णवर्णीय वादकांच्या रात्ररात्र चालणाऱ्या बैठकांतून ती घडली. चार-सहा वादकांचा छोटा संच, बहुधा द्रुत लय, कॉर्डची (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या समूहांची) गुंतागुंतीची बांधणी आणि एकल वादकाच्या उपजेला दिलेला अग्रमान ही तिची ओळख. ऑल्टो सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर, ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी, पियानोवादक थेलोनियस मंक व बड पॉवेल आणि ड्रमवादक केनी क्लार्क व मॅक्स रोच हे तिचे आद्य कलावंत. तिचा ऐन बहर जेमतेम दहा वर्षे टिकला, पण जॅझ शिकणाऱ्याला आजही तिच्या वाटेनेच जावे लागते.

बीबॉपच्या आधीचे दशक स्विंगचे होते. पंधरा-सोळा वादकांचे ताफे मोठमोठ्या नृत्यगृहांत वाजवत, लोक नाचत, आणि संगीत बरेचसे आधी लिहून ठेवलेले असे. एकल वादकाच्या वाट्याला आठ-सोळा बार (मात्रांचे ठरावीक खंड) यायचे, की पुन्हा ताफ्यात सामील. या संगीताची मुळे कृष्णवर्णीयांची. पण त्यातला पैसा आणि प्रसिद्धी बव्हंशी गोऱ्या बँडप्रमुखांकडे जाई. ताफ्यांत नोकरी करणाऱ्या तरुण वादकांची घुसमट दुहेरी होती. वाजवायला जागा कमी, आणि केलेल्या कामाचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर. दुसऱ्या महायुद्धाने या ताफ्यांचे कंबरडे मोडले. वादक सैन्यात भरती झाले, पेट्रोल आणि टायर यांवर रेशनिंग आल्याने दौरे बंद पडले. १९४४ साली नाच-गाणे असलेल्या करमणुकीच्या जागांवर ३० टक्के कर बसला. तो पुढे २० टक्के झाला. नाच नाही, गायक नाही, नुसते वाद्यसंगीत, असा कार्यक्रम क्लबमालकाला परवडू लागला. बसून ऐकण्याच्या संगीताला अशी जागा मिळाली, तिच्यामागे कलेच्या ओढीइतकाच हा करही होता.

शैलीचे जन्मस्थान म्हणून सांगितला जातो तो हार्लेमच्या ११८व्या रस्त्यावरच्या सेसिल हॉटेलातला मिंटन्स प्लेहाउस हा क्लब. हेन्री मिंटन या सॅक्सोफोनवादकाने तो १९३८ साली सुरू केला. वादकांच्या युनियनचा नियम असा, की मोबदल्याशिवाय कोणी कुठे वाजवले तर दंड. मिंटन स्वतः युनियनचा पदाधिकारी राहिलेला असल्याने त्याच्या क्लबात ही धास्ती नव्हती. १९४० साली व्यवस्थापक झालेल्या टेडी हिलने केनी क्लार्कला संच जमवायला सांगितले आणि पियानोवर मंक येऊन बसला. सोमवारी अपोलो थिएटरच्या कलावंतांना सुट्टी असे. त्यांना हिल फुकट जेवू घाली, आणि जेवणानंतर मंच सर्वांना खुला होई. मंचावर चढलेल्या कच्च्या वादकाला वाटेला लावण्यासाठी अवघड कॉर्ड आणि अडनिड्या पट्ट्या काढल्या जात, अशा हकिकती पुष्कळ आहेत. त्या खऱ्या असतीलही, पण इथला मुख्य उद्योग अभ्यासाचा होता. जेरी न्यूमन नावाच्या एका विद्यार्थ्याने १९४१ च्या मे महिन्यात आपले ध्वनिमुद्रण यंत्र तिथे नेले, म्हणून गिटारवादक चार्ली ख्रिश्चनचे त्या काळातले वादन आज ऐकता येते. इलेक्ट्रिक गिटारला एकल वाद्याचा दर्जा देणारा ख्रिश्चन पुढच्याच वर्षी, वयाच्या पंचविशीत, क्षयाने वारला.

अशी मुद्रणे मोलाची ठरतात त्याला आणखी एक कारण आहे. १ ऑगस्ट १९४२ पासून युनियनने रेकॉर्ड कंपन्यांशी असहकार पुकारला आणि काही मोठ्या कंपन्यांतले काम १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत ठप्प झाले. अर्ल हाइन्सच्या ताफ्यात १९४३ साली पार्कर आणि गिलेस्पी शेजारी बसून वाजवत होते, त्याची एकही व्यावसायिक तबकडी नाही. शैली घडत असतानाचा काळ असा मुका गेला. बाहेरच्या श्रोत्यांपर्यंत ती पोहोचली तेव्हा पूर्ण वाढलेली होती, आणि म्हणूनच ती अनेकांना आकाशातून पडल्यासारखी वाटली.

बदलाची एक किल्ली ड्रमवर सापडते. स्विंगमध्ये ड्रमवादक पायाने बास ड्रमवर चारही मात्रा धरून ठेवी, नाचणाऱ्याला त्याचाच आधार. केनी क्लार्कने ही लय उजव्या हाताखालच्या राइड सिंबलवर नेली. ठेका सतत झंकारत राहिला, पण हलका झाला. पाय आणि डावा हात मोकळे झाल्यावर तो बास ड्रम आणि स्नेअरवर मध्येच, अनपेक्षित जागी आघात देऊ लागला. त्यांना वादक 'बॉम्ब' म्हणत. याच सवयीपायी टेडी हिलने पूर्वी आपल्या ताफ्यातून क्लार्कला काढले होते आणि त्यानेच मिंटन्समध्ये त्याला बोलावून घेतले. मॅक्स रोचने हे तंत्र पुढे नेले, इतके की त्याच्या हातात ड्रमला स्वतःची सुरावट आल्यासारखी वाटते. ताल धरण्याचे काम सिंबल आणि डबल बासकडे गेल्यामुळे पियानोवादकाचा डावा हातही सुटला. बड पॉवेल त्या हाताने तुरळक कॉर्ड टाकतो आणि उजव्याने सॅक्सोफोनसारख्या लांबच लांब ताना घेतो. पुढच्या पिढीतल्या बहुतेक पियानोवादकांनी हीच रीत उचलली.

दुसरी किल्ली हार्मनीची. बहुतेक चिजा ३२ बारच्या प्रचलित गाण्यांवर किंवा १२ बारच्या ब्लूजवर उभ्या असत. ख्यालात बंदिशीचे आवर्तन चालू राहते आणि गायक त्यात बढत करून समेवर येतो, तशीच इथे कॉर्डची साखळी पुन्हा पुन्हा फिरते आणि वादक तिच्यावर उपज करतो. फरक असा, की प्रत्येक कॉर्डला चालणारे स्वर बदलत जातात, आणि द्रुत लयीत हा बदल सेकंदाच्या आत ओळखून सूर निवडावा लागतो. बीबॉपच्या वादकांनी मूळ साखळीत नव्या कड्या घातल्या, कॉर्डचे नववे, अकरावे, तेरावे स्वर सुरावटीत आणले. संगीतकार गर्श्विनच्या 'आय गॉट ऱ्हिदम'ची साखळी तर त्यांची हक्काची मालमत्ताच झाली. 'हाउ हाय द मून'च्या कॉर्डवर 'ऑर्निथॉलॉजी' बसली, 'व्हिस्परिंग'वर 'ग्रूव्हिन हाय'. यात व्यवहारही होता. सुरावटीवर स्वामित्वहक्क असतो, कॉर्डच्या साखळीवर नसतो. नवी सुरावट लिहिली की रॉयल्टी स्वतःची.

हे सगळे एका तबकडीत ऐकायचे तर ती २६ नोव्हेंबर १९४५ रोजी सॅव्हॉय कंपनीसाठी मुद्रित झालेली 'को-को'. तिचा सांगाडा 'चेरोकी' या ६४ बारच्या गाण्याचा आहे, पण त्या गाण्याची चाल तीत कुठेच वाजत नाही. पहिल्या प्रयत्नात वादक 'चेरोकी'च्या ओळखीच्या सुरांकडे वळले आणि मुद्रण तिथेच थांबवण्यात आले. तो अर्धवट तुकडाही उपलब्ध आहे. पूर्ण मुद्रणात आरंभी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन एकत्र एक तुटक, काटेरी वाक्य वाजवतात. खाली पियानो नाही, कॉर्डचा आधार नाही. मग पार्कर दोन आवर्तने, म्हणजे १२८ बार, मिनिटाला सुमारे ३०० मात्रांच्या लयीत वाजवतो. एवढ्या वेगातही त्याची वाक्ये बारच्या चौकटीत बसत नाहीत. ती मध्येच सुरू होतात, कधी चार सुरांत संपतात तर कधी दहा बार लांबतात, आणि जोर नेमका अपेक्षा नसलेल्या सुरावर पडतो. दुसऱ्या आवर्तनाच्या तोंडाशी तो 'हाय सोसायटी' या न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या चिजेतल्या क्लॅरिनेटची ओळ सहज गुंफून जातो. बीबॉपने जुने मोडून टाकले असे म्हणणाऱ्यांनी ही जागा ऐकावी. त्यानंतर रोचचा ड्रम, पुन्हा आरंभीचे वाक्य, आणि तीन मिनिटांच्या आत चीज संपते. त्या दिवशीच्या संचात ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस होता, १९ वर्षांचा. पण 'को-को'मधला ट्रम्पेट गिलेस्पीचा मानला जातो.

गिलेस्पीचे मोल त्याच्या फुगलेल्या गालांच्या, गोल टोपीच्या आणि वर वळलेल्या ट्रम्पेटच्या छबीखाली झाकले गेले आहे. १९१७ साली साउथ कॅरोलायनातल्या चेरॉ गावी जन्मलेला हा वादक या चळवळीचा शिक्षक होता. पियानोपाशी बसून तो इतरांना कॉर्ड समजावून देई, चिजा लिहून काढी, संच बांधी. १९४७ साली क्यूबाचा तालवादक चानो पोझो त्याच्या ताफ्यात आला आणि 'मांतेका' जन्मली. जॅझ आणि क्यूबन ताल यांचा तो पक्का सांधा ठरला. १९५६ च्या सरकारी परदेश दौऱ्याच्या ताफ्यात त्याने मेल्बा लिस्टन या स्त्री ट्रॉम्बोनवादकाला घेतले, हेही नोंदवण्याजोगे.

मंकचा रस्ता वेगळा. इतर जण सुरांचा वर्षाव करीत असताना तो सूर गाळी, थांबे, आणि शेजारशेजारच्या पट्ट्या एकदम दाबून कानाला टोचणारा स्वर काढी. 'राउंड मिडनाइट' ही त्याची रचना जॅझमधल्या सर्वाधिक वाजवल्या गेलेल्या चिजांपैकी एक. १९५१ साली अमली पदार्थांच्या प्रकरणात न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवण्याचा त्याचा परवाना गेला तो १९५७ पर्यंत, आणि ऐन उमेदीची ही वर्षे घरात गेली. पॉवेलला १९४५ साली पोलिसांनी डोक्यावर मारहाण केली. पुढचे आयुष्य मनोरुग्णालयांच्या फेऱ्यांत गेले आणि ४१ व्या वर्षी संपले. या दोघांना आणि इतर अनेकांना आपल्या हार्लेममधल्या घराचे दार सदैव उघडे ठेवणारी मेरी लू विल्यम्स ही वयाने आणि अनुभवाने मोठी पियानोवादक होती. बीबॉपच्या इतिहासात तिचे नाव फार उशिरा योग्य जागी लिहिले गेले.

पार्करचा जन्म २९ ऑगस्ट १९२० चा, कॅन्सस सिटीतला. सोळाव्या वर्षी एका जॅम सेशनमध्ये तो कॉर्डवरून घसरला, तेव्हा ड्रमवादक जो जोन्सने सिंबल काढून त्याच्या पायाशी भिरकावली. पुढच्या उन्हाळ्यात गावाबाहेर राहून त्याने सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगच्या तबकड्यांवरचे वादन सुरासुराने घोटले आणि परतला तो वेगळाच वादक होऊन. कोवळ्या वयात जडलेल्या हेरॉइनच्या व्यसनाने त्याची पाठ सोडली नाही. १९४६ साली कॅलिफोर्नियातल्या कॅमरिलोच्या मनोरुग्णालयात त्याला सहा महिने काढावे लागले. १२ मार्च १९५५ रोजी तो वारला तेव्हा वय ३४ होते. तपासणाऱ्या डॉक्टरला ते पन्नाशीच्या पुढचे वाटले. व्यसनातून प्रतिभा येते या समजाने त्याच्या मागे आलेल्या कित्येक तरुण वादकांचा घात केला. फॅट्स नॅव्हारो हा तेजस्वी ट्रम्पेटवादक व्यसन आणि क्षयाने खंगून २६ व्या वर्षी गेला. पार्करचे वादन घोर मेहनतीतून आले होते, आणि व्यसनाने ते तोडले, हे स्पष्ट सांगायला हवे.

१५ मे १९५३ रोजी टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये पार्कर, गिलेस्पी, पॉवेल, रोच आणि बासवादक चार्ल्स मिंगस एकत्र आले. त्याच रात्री मार्सियानो आणि वॉलकॉट यांची मुष्टियुद्धाची लढत होती आणि सभागृह बरेच रिकामे राहिले. पार्करच्या हातात प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन होता. रेकॉर्ड निघाली तेव्हा दुसऱ्या कंपनीशी असलेल्या करारामुळे त्याचे नाव 'चार्ली चॅन' असे छापावे लागले. एवढ्या अडचणींतून निघालेले हे मुद्रण बीबॉपच्या प्रत्यक्ष मैफिलीचा उत्तम नमुना मानले जाते, आणि तो मान सार्थ आहे.

समकालीनांची मते टोकाची होती. जुन्या जॅझच्या चाहत्यांना यात सुरावट दिसेना, लुई आर्मस्ट्राँगनेही नापसंती दाखवली. नाचणारा श्रोता दुरावला तो कायमचाच. जॅझ लोकप्रिय संगीतापासून अलग होण्याची सुरुवात इथून धरली जाते. ही किंमत खरी आहे. बदल्यात जे मिळाले तेही खरे. करमणूक करणारा वादक स्वतःला कलावंत म्हणवू लागला, आणि श्रोत्याकडून त्याने पूर्ण लक्ष मागितले. १९५० च्या दशकातले कूल जॅझ आणि हार्ड बॉप याच मुळावरचे. माइल्स डेव्हिस, जॉन कोल्ट्रेन आणि सनी रोलिन्स याच शाळेत तयार झाले. पार्करच्या वादनाचे स्वरलेखन असलेले 'ऑम्निबुक' १९७८ साली निघाले, आणि आज सॅक्सोफोनच्या विद्यार्थ्यांच्या स्टँडवर ते हमखास दिसते.

हे आकर्षण टिकण्याचे कारण मात्र पाठ्यपुस्तकात मावणारे नाही. २८ ऑक्टोबर १९४७ रोजी पार्करने 'एम्ब्रेसेबल यू' हे गाणे डायल कंपनीसाठी दोनदा मुद्रित केले. गाणे तेच, संच तोच, पट्टी तीच. पण दोन्ही वेळचा विस्तार पूर्ण वेगळा आहे, आणि दोन्ही सारखेच बांधेसूद. दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकली की उपज म्हणजे काय ते कानाला थेट कळते.

महाराष्ट्र आणि गोव्याशी या परंपरेचा संबंध आला तो वादकांमार्फत. मुंबईच्या हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. त्या परंपरेतले सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी रागांची सुरावट जॅझच्या बांधणीत आणली. सनी रोलिन्स १९६० च्या दशकाच्या अखेरीस पवईच्या आश्रमात काही महिने राहिला होता. १९७८ साली मुंबईच्या रंगभवनात पहिली 'जॅझ यात्रा' भरली, तेव्हा तो वाजवायला आला.

नव्या श्रोत्याने 'को-को'पासून सुरुवात करू नये. वेगच कानावर आदळेल. आधी 'पार्कर्स मूड' हा १९४८ चा संथ ब्लूज ऐकावा, मग 'एम्ब्रेसेबल यू'ची दोन्ही मुद्रणे, मग मॅसी हॉल. त्यानंतर 'को-को' लावावी, आणि एकदाच ऐकून थांबू नये.