रुमालाखालचा भाव

नेकनूरचा बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना रुमालाखालचा भाव समजावून सांगावा लागत नाही. ज्यांनी पाहिला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. बीडजवळच्या या गावी जनावरांचा मोठा आठवडी बाजार भरतो. बैल असो की बोकड, भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आपल्या हातावर रुमाल टाकतो, गिऱ्हाईक त्याखाली हात घालतं आणि बोटं धरतं. चार बोटं म्हणजे चार. ते चारशे की चार हजार, हे समोरचं जनावर बघून कळायचं. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असतात, पण भाव फक्त दोन हातांना माहीत.

लहानपणी अब्बांबरोबर मी हा बाजार पुष्कळ हिंडलो. आमचं घर बागवानांचं, फळांचा धंदा. अब्बांचा गाडा होता, आता भाईजानचा मंडईत गाळा आहे. मी मात्र मराठी घेऊन बी.ए. झालो आणि कवितेच्या नादी लागलो. तेव्हा श्रोतेहो, आज मी साथीच्या रोगाबद्दल आणि शेतमालाच्या व्यापाराबद्दल बोलणार असलो, तरी ते अर्थशास्त्र्याचं बोलणं नाही. गाळ्यावर बसून जे दिसलं आणि नंतर पुस्तकांत जे सापडलं, तेवढंच सांगणार आहे.

साथ आली की सरकार पहिल्यांदा काय सांगतं? शिवू नका. गर्दी करू नका. आणि आमच्याकडचा शेतीचा व्यापार तर सगळा शिवण्यावर चालतो. कापूस मुठीत दाबून बघतात, ज्वारीचा दाणा दाताखाली धरतात, टरबूज बोटानं वाजवतात, बोकडाची पाठ चाचपतात. भाव ठरतो तोही हातात हात घालून.

ही गोष्ट २०२० सालची नवी नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आढळला तो मांडवीला. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली, धान्याच्या वखारींची वस्ती. वखारीत धान्य, धान्याला उंदीर, उंदरावर पिसू. प्लेग पिसवांतून पसरतो हे शास्त्राला पुढं दोन वर्षांनी उमगलं, पण तोवर पोत्यांबरोबर तो कुठल्या कुठं गेला होता. जवळजवळ निम्मी मुंबई गावाकडं पळाली. युरोपातल्या देशांनी मुंबईहून येणाऱ्या जहाजांवर निर्बंध घातले, त्यासाठी १८९७ मध्ये व्हेनिसला परिषद भरली. त्या वर्षी हिंदुस्थानातून हजला जाण्यावरही बंदी आली. आणि ४ फेब्रुवारी १८९७ ला एक कायदा झाला, साथरोग प्रतिबंधक कायदा. चार कलमांचा, जेमतेम पानभर. १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, आपल्या राज्यानं साथीसाठी पहिल्यांदा बाहेर काढला तो हाच कायदा. राणीच्या राज्यातला कागद आमच्या आठवडी बाजारापर्यंत येऊन पोचला. बाजार बंद झाले.

मधे १९१८ आहे. त्या सालाचं नाव आमच्याकडं मानमोडी. जगानं त्याला स्पॅनिश फ्लू म्हटलं, पण खेड्यातल्या माणसानं जे पाहिलं त्याला नाव दिलं : ताप आला की मान मोडून पडायची. माझी दादी तेव्हा सात-आठ वर्षांची होती. निजामाचं राज्य होतं. दादी फार बोलायची नाही, पण मानमोडीचा विषय निघाला की एकच सांगायची. तिफण होती, बैल होते, तिफण धरायला हात नव्हता. मला लहानपणी हे वाक्य नुसतंच भीतीदायक वाटायचं. त्यातला अर्थ खूप उशिरा कळला.

जून १९१८ मध्ये हा ताप मुंबईत आला, लढाईवरून परतणाऱ्या जहाजांबरोबर. मग रेल्वेनं देशभर गेला. पहिली लाट सौम्य होती. दुसरी सप्टेंबर-ऑक्टोबरात आली, ती भयंकर. आता आमच्या भागातलं शेतीचं वेळापत्रक डोळ्यांसमोर आणा. याच दिवसांत बाजरी काढायची आणि याच दिवसांत रब्बी ज्वारी पेरायची. आमच्याकडची खरी भाकरी रब्बीची. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता. आणि हा ताप म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांना जास्त नेत होता, म्हणजे नेमक्या तिफण धरणाऱ्यांना. देशात एक कोटी वीस लाख ते दोन कोटी माणसं गेली असा अंदाज सांगतात. धान्य आधीच महागलं होतं, ते आणखी महागलं. भाव चढला, पण चढलेल्या भावानं विकायला घरात काही नव्हतं.

पुढं १९६४ मध्ये थिओडोर शुल्ट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं याच साथीवरून एक हिशोब मांडला. त्या काळी असं मानत की हिंदुस्थानच्या शेतात माणसं गरजेपेक्षा जास्त आहेत, काही उचलून कारखान्यात नेली तरी पीक तेवढंच येईल. शुल्ट्झ म्हणाला, बघू या. साथीत शेतीवर राबणारी माणसं शेकडा आठच्या आसपास घटली. १९१६-१७ आणि १९१९-२० या दोन बऱ्या पावसाच्या वर्षांची तुलना केली, तर पेरलेली जमीन ३.८ टक्क्यांनी कमी भरली. म्हणजे शेतात जास्तीचा हात नव्हता. अमर्त्य सेन यांनी १९६७ मध्ये त्याच्या रीतीवर हरकत घेतली आणि दोघांचा वाद झडला. पुढं दोघांनाही नोबेल मिळालं. कोण बरोबर हे मी सांगणार नाही, ती माझी पायरी नव्हे. पण दादीचं वाक्य शिकागोच्या प्राध्यापकाला आकड्यांत मांडायला पुस्तक लिहावं लागलं, एवढं मात्र मनात आल्याशिवाय राहत नाही.

आता २०२०. टाळेबंदीचा पहिला दिवस २५ मार्च, आणि त्याच दिवशी गुढीपाडवा. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला पाडवा म्हणजे काय ते सांगायला नको. सालगड्याचं साल पाडव्याला संपतं, नवं साल पाडव्याला ठरतं. देणंघेणं त्या दिवसापर्यंत मिटवायचं असतं. भाव वाढेल म्हणून पुष्कळांनी कापूस घरातच ठेवला होता. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव होता क्विंटलला ५,५५० रुपये. खरेदी केंद्रं बंद झाली. पुन्हा सुरू झाली, तेव्हा नावनोंदणी, टोकन, मग वाट बघणं. मे उलटला, मिरग आला, तरी घरात कापूस. आमच्या ओळखीच्या एका घरात माणसं ओसरीत झोपत होती, कारण आतली खोली आढ्यापर्यंत कापसानं भरली होती. साठलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते. पोरं रात्रभर खाजवायची. खेडा खरेदीवाला दारात यायचा आणि हमीभावापेक्षा हजार-बाराशे कमी सांगायचा. बियाण्याला पैसा हवा होता, तेव्हा काहींनी देऊनही टाकला.

हे असं का झालं, याचं निम्मं उत्तर आमच्या जिल्ह्यात नव्हतंच. युरोप-अमेरिकेतली कपड्यांची दुकानं बंद झाली. त्यांनी बांगलादेशातल्या कारखान्यांना दिलेल्या ऑर्डरी रद्द केल्या. ढाक्याच्या शिलाई मशिनी थांबल्या, आणि आपला कापूस-सूत घेणारं मोठं गिऱ्हाईक गप्प झालं. एप्रिलच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कापूस पौंडाला ५० सेंटच्या खाली गेला, दहा-अकरा वर्षांतला नीचांक. गेवराईच्या ओसरीतली खाज तिथून आलेली होती.

कापूस निदान टिकतो. टरबूज टिकत नाही. त्या वर्षी रमजान २५ एप्रिलला सुरू झाला. टरबूज सत्तर दिवसांचं पीक. फेब्रुवारीच्या मध्याला लावलं की बरोबर रमजानला काढणीला येतं, आणि गेवराई-माजलगावकडचे शेतकरी तसा हिशोब धरूनच लावतात. हे शेतकरी बहुतेक मराठा, माळी, वंजारी. चंद्र दिसण्याची तारीख त्यांना आमच्यापेक्षा आधी पाठ असते. अब्बा गमतीनं म्हणायचे, आपल्या रोजाची फिकीर आपल्यापेक्षा बागाईतदाराला.

पण रोजा सुटतो सूर्यास्ताला. फळ खपतं दुपारच्या नमाजेनंतर, मगरिबच्या आधीच्या दोन-तीन तासांत. आणि संचारबंदीत सवलत असायची सकाळची. सकाळी उपाशी माणूस फळ घेत नाही, आणि घेईल त्या वेळी रस्त्यावर पोलिस. एरवी आठ-दहा रुपये किलोनं बांधावरून उचललं जाणारं टरबूज दोन-तीन रुपयांनाही कोणी विचारीना. भाईजानला नेहमी माल देणाऱ्या शेतकऱ्याचे दोन एकर उभे होते. भाईजाननं हातगाडी काढली आणि गल्लोगल्ली फिरायचं ठरवलं.

ते दिवस दुसऱ्याही एका गोष्टीचे होते. दिल्लीच्या बातमीनंतर फळवाल्याला आधी नाव विचारायची साथ आली होती. एका वसाहतीच्या फाटकावर भाईजानला नाव विचारलं आणि परत पाठवलं. तो घरी येऊन काही बोलला नाही, गाडी तशीच भरलेली. दुसऱ्या दिवशी तो शेतकरीच गावाहून मोटारसायकलवर आला, माल त्याचाच होता. गाडीच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला भाईजान. त्याच फाटकावर त्यानं आपलं नाव सांगितलं आणि माझंच रान आहे म्हणाला. त्या दिवशी गाडी रिकामी झाली. भाईजान अजून ही गोष्ट सांगताना हसतो. मला तितकंसं हसू येत नाही. दोन एकरांतलं निम्मं टरबूज शेवटी शेळ्यांनीच खाल्लं.

शेळ्यांवरून आठवलं. आमच्याकडची शेळी उस्मानाबादी, काळीभोर. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळीचं तेच राहिलं. बकरी ईदला विकायचा बोकड वर्षभर पाळतात, तो बहुधा बिनजमिनीच्या घरातल्या बाया. त्यात धनगर आल्या, दलित वस्तीतल्या आल्या, आमच्याही आल्या. एका बोकडावर एक लुगडं, एक शाळेची फी, एक दवाखाना. २०२० ची ईद १ ऑगस्टला होती. जनावरांचे बाजार बंद, जनावर फोनवर किंवा ऑनलाइन घ्या, आणि शक्यतो प्रतीकात्मक कुर्बानी करा, असं सरकारनं सांगितलं. शहरात ते झालंही असेल. पण बोकड दोन दाती झाला का, हे दात बघितल्याशिवाय कळत नाही, आणि फोटोत वजन येत नाही. ज्या बाईकडं साधा फोन, तिनं बोकडाचा फोटो कसा काढावा? दलाल मात्र वाडीवस्तीवर पोचले. बाजारात चार गिऱ्हाइकं असतात, दारात एकच येतं. त्यानं सांगितला तो भाव.

आणि आता त्या मालाबद्दल, जो कुठल्याही बाजार समितीच्या पाटीवर लिहिला जात नाही. आमच्या जिल्ह्यातून बाहेर जाणारा सर्वांत मोठा माल म्हणजे मनगट. दिवाळीच्या सुमाराला काही लाख माणसं उचल घेऊन कोयता खांद्यावर टाकतात आणि सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, अहिल्यानगर, थेट कर्नाटकापर्यंत ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मार्चअखेर देश घरात बसला, तेव्हा ही माणसं उसाच्या फडात होती, कारण साखर जीवनावश्यक होती. तोड संपली, कारखाने बंद झाले, आणि जिल्ह्यांच्या सीमाही बंद. पाचटाच्या कोप्यांत लेकरं, बैल, चाऱ्याची विवंचना. १७ एप्रिलला सरकारनं परत येण्याची परवानगी दिली तेव्हा आकडा सांगितला, ३८ कारखान्यांवरचे १ लाख ३१ हजार कामगार. तपासणी करून ते आले, आणि गावच्या वेशीवर बाभळीची काटी आडवी. कोणी शाळेत राहिलं, कोणी शेतात. आपल्याच गावाच्या बाहेर चौदा दिवस. १९१८ ला तिफण धरायला हात नव्हता. २०२० ला हात होते, ते उतरवून घ्यायला गाव नव्हतं.

त्याच वर्षाच्या अखेरीचे आकडे मी वर्तमानपत्रात वाचले. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत, पहिल्या अंदाजाप्रमाणे, देशाची अर्थव्यवस्था जवळजवळ २४ टक्क्यांनी आकसली आणि शेती ३.४ टक्क्यांनी वाढली. २०२०-२१ मध्ये शेतमालाची निर्यात १७ टक्क्यांनी वाढून ४१ अब्ज डॉलरच्या वर गेली. तांदूळ तर १७७ लाख टन बाहेर गेला. शेतीनं देश सावरला, असं सगळे म्हणाले. आकडे खोटे नाहीत. कोठारात धान्य होतं, जगाला गरज होती, जहाजं चालू होती. पोत्यात भरता येतं आणि वाट बघू शकतं, ते गेलं. जे वाट बघू शकत नव्हतं, ते आमच्याकडं होतं. ऑगस्टमध्ये देवळालीहून किसान रेल सुटली, छान झालं. बीड शहरात रेल्वे आली ती सप्टेंबर २०२५ मध्ये.

ऊसतोडीच्या दरात ऑक्टोबर २०२० च्या संपानंतर १४ टक्के वाढ झाली, जानेवारी २०२४ मध्ये आणखी ३४ टक्के. त्या वर्षी ज्यांची उचल फिटली नाही, ती मुकादमाच्या वहीत पुढच्या सालावर गेली.

जनावरांचा बाजार पुन्हा भरू लागला, तेव्हा भाईजानबरोबर मीही गेलो होतो. तोंडाला मास्क, तो निम्म्यांचा हनुवटीवर. एक म्हातारा दलाल आमच्या समोर बसला होता. त्यानं खिशातून सॅनिटायझरची छोटी बाटली काढली, आधी आपल्या हातावर ओतलं, मग गिऱ्हाइकाच्या. दोघांनी हात चोळले, वाळू दिले. मग त्यानं रुमाल टाकला. बराच वेळ बोटं हलत होती. गिऱ्हाइकानं मान हलवली, दावं सोडलं आणि बोकड घेऊन गेलं. मी भाईजानला विचारलं, कितीला गेला? तो म्हणाला, त्या दोघांना माहीत.