जुनी टार्गेट रायफल विकायला आली आहे, पण ती नक्की आहे कुठली? ओळखायचं कसं?

व्हॉट्सॲपवर फोटो येतो. लाकडी दस्ता, जाड नळी, मागे गोल भिंगासारखी साइट. खाली एकच ओळ: 'पॉइंट टू टू आहे, जर्मन आहे, लायसन लागत नाही, लगेच सांगा.'

२०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोत १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला. २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ऑलिम्पिकचं ब्राँझ आणलं. तेव्हापासून गावोगावची मुलं रायफल मागू लागली आहेत. नवी परदेशी रायफल बहुतेक घरांना परवडत नाही, म्हणून सेकंडहँडकडे नजर जाते. पुण्यात राहणारा माणूस निदान बालेवाडीच्या रेंजवर जाऊन कुणाला विचारू शकतो. जुन्नर तालुक्यात माळशेजच्या वाटेवर मढला राहणाऱ्या पालकाच्या हातात मात्र तो फोटोच असतो. तेव्हा फोटोवरून आणि नंतर प्रत्यक्ष हातात घेऊन काय काय कळू शकतं, ते पाहू.

हातात घेण्याआधी

विकणारा 'रिकामीच आहे' म्हणतो. त्यावर विश्वास ठेवू नका. नळीचं तोंड माणूस, गुरं आणि घर सोडून सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. मॅगझीन असेल तर आधी ते काढायला लावा, मग बोल्ट उघडून आत काही नाही ना ते बघा. एअर रायफल असेल तर लिव्हर ओढून पाहण्याचा मोह आवरा. लिव्हर ओढली की ती भरली जाते, आणि अनेक मॉडेलमध्ये नंतर चाप दाबूनच मोकळी करावी लागते. माहीतगार माणूस सोबत नसेल तर हे काम विकणाऱ्यालाच करू द्या.

पहिला प्रश्न कंपनीचा नाही, जातीचा

बहुतेक जण आधी नाव वाचतात. त्याने फार काही ठरत नाही. आन्शुट्झ, वाल्थर आणि बीएसए या तिन्ही कंपन्यांनी एअर रायफलीही बनवल्या आणि काडतुसाच्या रायफलीही. आधी बघायचं ते हे, की ही छर्ऱ्याची आहे की काडतुसाची.

बोल्ट उघडा. पुढच्या टोकाला काडतुसाच्या कडेवर आपटणारी फायरिंग पिन आणि रिकामं काडतूस ओढून काढणारा छोटा आकडा दिसला, तर ती .२२ काडतुसाची रायफल, म्हणजे ५.६ मिलिमीटर. स्वप्निल जी स्पर्धा खेळतो तिथली. पिन नाही, आकडा नाही, छर्रा ठेवायची जागा आणि हवा अडवणारी रबरी रिंग आहे, तर ती एअर रायफल. टार्गेटची एअर रायफल ४.५ मिलिमीटरची, म्हणजे .१७७ ची असते. हा आकडा बहुधा नळीवर किंवा रिसीव्हरवर कोरलेला असतो.

फरक किती मोठा आहे ते बघा. मॅच एअर रायफलचा छर्रा साधारण साडेसात ज्यूल ऊर्जेने निघतो. .२२ काडतुसाची गोळी निघते ती शंभर ज्यूलच्या बरीच वर. एक कागदाला भोक पाडते, दुसरी माणूस मारू शकते.

कायदाही याच रेषेवर उभा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे .१७७ पर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र आणि पत्ता मात्र नोंदवून घेतो. काडतुसाच्या .२२ ला परवाना लागतोच. आणि गंमत अशी की .२२ ची 'एअरगन' असली, तरी ती .१७७ पेक्षा मोठी म्हणून तिलाही परवाना लागतो. म्हणजे वरच्या मेसेजमधली 'पॉइंट टू टू' आणि 'लायसन लागत नाही' ही दोन वाक्यं एकत्र खरी असूच शकत नाहीत.

जर्मन रायफल बोलते, ऐकता आलं पाहिजे

सेकंडहँड बाजारात टार्गेटची जुनी रायफल म्हणजे बऱ्याचदा जर्मन. जर्मनीत नळी सरकारी तपासणीतून जाते आणि तिच्यावर शिक्के बसतात. हरणाच्या शिंगाचा शिक्का म्हणजे तपासणी उल्म शहरात झाली. आन्शुट्झ आणि वाल्थर दोन्ही उल्मचेच. शिक्क्यांजवळ दोन अक्षरं असतील तर ते साल आहे. ए म्हणजे ०, बी म्हणजे १, असं मोजत आय म्हणजे ८ आणि के म्हणजे ९; जे हे अक्षर वगळलेलं. 'एचडी' वाचलं तर ७३, म्हणजे १९७३. 'आयएफ' म्हणजे १९८५. विकणारा 'दहा वर्षं जुनी' म्हणत असेल आणि नळी १९७३ म्हणत असेल, तर नळीचं ऐका.

एअर रायफलीवर पंचकोनात एफ हे अक्षर दिसलं तर आनंद माना. साडेसात ज्यूलपेक्षा जास्त ताकद नसलेल्या हवेच्या बंदुकीवर जर्मनीत तो शिक्का असतो. नुसतं 'मेड इन वेस्ट जर्मनी' असेल, तरी एवढं कळतं की ती १९९० च्या एकीकरणाआधीची आहे.

आन्शुट्झच्या बाबतीत एक घोटाळा नेहमी होतो. रिसीव्हरवर ठळक 'मॅच ५४' लिहिलेलं असतं आणि विकणारा तेच मॉडेल म्हणून सांगतो. ते यंत्रणेचं नाव आहे, मॉडेलचं नाही. मॉडेलचा चार आकडी नंबर वेगळा शोधावा लागतो. १४१३, १६१३, १८१३, १९१३ या एकाच घराण्याच्या पुढच्या पुढच्या पिढ्या. शेवटी १३ म्हणजे सुपर मॅच, ११ म्हणजे झोपून मारायची, ०७ म्हणजे स्टँडर्ड. मागे एल असेल तर ती डावखुऱ्यासाठी. मूल उजव्या हाताचं असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती घेऊन उपयोग नाही.

फाइनवेर्कबाऊची ३०० एस ही बाजूला लिव्हर असलेली स्प्रिंगची एअर रायफल हातात आली, तर ती मारताना नळीसकट सगळी यंत्रणा दस्त्यावर थोडी मागे सरकते. अनेकांना वाटतं, ढिली झाली आहे. ती तशीच बनवलेली आहे. धक्का खांद्याला लागू नये म्हणून. हे न कळल्यामुळे कुणी चांगली रायफल नाकारतो, तर कुणी स्क्रू आवळून तिची वाट लावतो.

डायनाची गोष्ट आणखी वेगळी. हीच रायफल परदेशात 'ओरिजिनल', 'आरडब्ल्यूएस', 'विंचेस्टर' अशा नावांनीही विकली गेली. नाव विंचेस्टर, बनावट जर्मन, असं दिसलं तर लगेच नकली म्हणू नका.

जर्मन सोडून काय भेटतं? तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचं चिन्ह म्हणजे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची बीएसए. तिच्या जुन्या मार्टिनी टार्गेट रायफलीला बोल्टच नसतो, चापाखालची लिव्हर खाली ओढली की ती उघडते. ती काडतुसाची. इछापूरच्या सरकारी रायफल कारखान्यानेही .२२ ची स्पोर्टिंग रायफल बनवली आहे. एनसीसीत .२२ चालवलेल्यांना बोल्टच्या रायफलीचा हा घाट ओळखीचा वाटेल.

हवेची टाकी

नव्या एअर रायफलीत नळीखाली दाबाच्या हवेची टाकी असते, साधारण २०० बारची. टाकीवर तारीख कोरलेली असते. मोठे उत्पादक दहा वर्षांनंतर ती वापरू नका म्हणतात, आणि मुदत संपलेली नाही ना हे पाहण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळाडूवरच टाकली आहे. विकणाऱ्याच्या फोटोत टाकीची ही बाजू नेमकी खाली असते. ती वर करून पाठवायला सांगा. मुदत संपली असेल तर नव्या टाकीची किंमत सौद्यातून वजा करा. 'अजून चालते' म्हणून ती भरून बघू नका. २०० बार म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या ऐंशी-नव्वद पट.

नंबर खोडलेला असेल तर

इथे सौदा संपला. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ८ प्रमाणे उत्पादकाचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण नसलेलं अग्निशस्त्र विकता येत नाही. त्याहून कठीण म्हणजे, असं शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच नंबर खोडला असं कायदा गृहीत धरतो. तसं नाही, हे सिद्ध करायचं काम तुमचं. नळीवर एक नंबर आणि रिसीव्हरवर दुसरा असेल, तर नळी कधीतरी बदललेली असू शकते. ते कागदावर कुठे आहे ते विचारा.

काडतुसाची रायफल दोन परवानाधारकांमध्येही हातोहात विकता येत नाही. कलम ५ प्रमाणे मालकाने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. 'लगेच सांगा' हे शब्द या व्यवहारात बसत नाहीत. घेणाऱ्याकडे परवाना हवा हे वेगळं सांगायला नको.

आणि रायफल विकत न घेता घरातच सापडली तर? आजोबा गेले, माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली निघाली, परवान्याचा पत्ता नाही. असं आपल्याकडे होतं. काडतुसाची असेल किंवा शंका असेल, तर कलम २१ प्रमाणे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. वारसाला तिच्यासाठी परवाना मागायची वाट त्यानंतरही खुली राहते. तिचा फोटो काढून ग्रुपवर 'ओळखा पाहू' टाकणं ही मात्र सगळ्यात वाईट सुरुवात. नंबर, घर आणि माणूस तिन्ही एकदम जगजाहीर होतात.

साधी .१७७ एअर रायफल असेल तर मॉडेल, नंबर, दोघांची नावं आणि तारीख लिहून सहीची पावती करा, दुकानाचं मूळ बिल असेल तर तेही मागा. पैसे देण्याआधी एकदा रेंजवर नेऊन प्रशिक्षकाच्या समोर दहा मीटरवर दहा छर्रे कागदावर मारून बघा. मढहून पुण्याला जायचा एक दिवस मोडेल, पण नळी घासली आहे की नाही ते तिथेच कळतं. फोटोत सगळ्याच नळ्या चकचकीत दिसतात.