शेवटची एसटी किती वाजता?

सिंहगडाचा बेत ठरायला आता दोन मिनिटं पुरतात. रात्री अकराला ग्रुपवर कुणीतरी ‘उद्या पहाटे पाच, स्वारगेट’ असं टाकतं, चार अंगठे येतात, झालं. बसनं पायथा, आतकरवाडीतून चढाई, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, दुपारच्या झोपेला घरी. डोंगर करून त्याच दिवशी घरी यायची ही सवय पुण्याला कशी लागली, हे शोधायला गेलं की किल्ल्यांइतकीच वेळापत्रकं आणि नकाशेही हाती लागतात.

पूर्वी गडावर लोक जायचे ते कामासाठी. आणि वेळेत परतण्याचा प्रश्न तेव्हाही होताच. हिरकणीची गोष्ट आठवा. ती खरी की दंतकथा हे सोडून द्या, पण तिचा गाभा काय आहे? रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हं बाळ. दिवसाचा हिशेब चुकला आणि कडा उतरावा लागला. वन-डे ट्रेकची आपल्याकडची सगळ्यात जुनी गोष्ट मला तरी हीच वाटते.

१८१८ मध्ये सिंहगड इंग्रजांकडे गेला आणि पुढे पुण्यातल्या साहेबांना तो उन्हाळ्यात राहायला बरा वाटू लागला. १८८५च्या पुणे गॅझेटियरमध्ये त्याची उंची ४,३२२ फूट दिली आहे. टिळकांचा बंगलाही गडावरच. म्हणजे ज्यांना सवड होती, त्यांच्यासाठी सिंहगड मुक्कामाची जागा होती. सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं, तर आधी चाकं हवीत.

ती पहिल्यांदा मावळाच्या दिशेला आली. १८५८ मध्ये पुणे-खंडाळा रेल्वे सुरू झाली, १८६३ मध्ये बोरघाट पार झाला. मळवलीला उतरलं की भाजे, लोहगड, विसापूर चालत गाठता येतात, लोणावळ्याहून राजमाची. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल आली आणि हे गड विद्यार्थ्यांच्या खिशात बसले. गो. नी. दांडेकर तळेगावचे, त्यांची ‘माचीवरला बुधा’ राजमाचीवरची. त्या कादंबऱ्या वाचून पाठीवर पिशवी टाकणाऱ्यांची एक अख्खी पिढी इथं होऊन गेली.

वेल्ह्याच्या बाजूला मात्र रेल्वे नाही. तिथं एसटी. पहिली एसटी १ जून १९४८ला नगरहून पुण्याला धावली आणि पुढे लाल गाडी खेड्यापाड्यांत पोचली. पण तिचं वेळापत्रक कुणासाठी होतं, हे लक्षात घ्या. मुक्कामी गाडी रात्री गावात थांबते आणि पहाटे माणसं, दुधाचे कॅन घेऊन शहराकडे निघते. संध्याकाळी त्याच माणसांना परत आणते. डोंगरात जाणाऱ्याला नेमकं उलटं हवं असतं: सकाळी गावाकडे, संध्याकाळी शहराकडे. त्यामुळे राजगडाचा बेत बरेचदा आदल्या संध्याकाळी सुरू व्हायचा. गुंजवणे किंवा वेल्ह्याची शेवटची गाडी, रात्री देवळात पथारी, उजाडताना चढाई. बेत आखायचा तो शेवटाकडून. परतीची गाडी चारची, म्हणजे तीनला पायथ्याला, म्हणजे एकला गड सोडायचा. स्वारगेटच्या चौकशी खिडकीवर पहिला प्रश्न ‘शेवटची गाडी कितीला?’ हाच.

पण चढायला किती वेळ लागेल? १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं एक आडाखा दिला होता: सपाटीला तीन मैलांना तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. आतकरवाडीची वाट पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, चढ साधारण सहाशे मीटर. हिशेब करा, दीड तास येतो. सिंहगड नेहमी करणारे कुणीही तेच सांगतील. अडचण एवढीच की त्यासाठी अंतर आणि चढ माहीत हवा, आणि त्यासाठी नकाशा हवा.

इथं खरी गंमत आहे. गंमत म्हणायची खरं तर इच्छा नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० मापाच्या नकाशात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. कंटूर रेषा, ओढे, पायवाटा सगळं असतं. पण किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातले नकाशे सुरक्षेच्या कारणानं सर्वसामान्यांना खुले नव्हते, आणि घाटमाथ्याचा बराच भाग त्या पट्ट्यात येतो. समोर दिसणाऱ्या डोंगराचा नकाशा मागायची सोय नाही! त्याच वेळी अमेरिकन लष्करानं १९५०च्या दशकात काढलेले भारताचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं इंटरनेटवर फुकट ठेवले होते. मावळातली वाट शोधायला पुण्यातला पोरगा टेक्सासला! २००५च्या नकाशा धोरणानं सर्वसामान्यांसाठी वेगळी मालिका आणली, २०१७ मध्ये ती डाउनलोड करता येऊ लागली आणि २०२१ मध्ये बंधनं आणखी सैल झाली. तोवर मोबाइलनं बाजी मारली होती.

मधल्या काळात लोकांनी काय केलं? हातानं नकाशे काढले. आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’ची प्रत कुणाकडे मिळाली तर बघा. कुठली वाट कुठल्या खिंडीतून, कुठली नाळ कोकणात उतरते, असं सगळं. अशा माहितीच्या मुळाशी मात्र बरेचदा कुणीतरी गुराखी, कुणी धनगर, कुणी कोळी असतो. पुस्तकात वाट येते, वाट दाखवणाऱ्याचं नाव क्वचित येतं. फोनवरच्या ट्रॅकमध्ये तर तो माणूसच उरत नाही, नुसती निळी रेघ उरते.

मागच्या मार्चमध्ये अशाच एका रेघेवरून आम्ही चौघं राजगडाहून तोरण्याला निघालो. रेघ सांगत होती, साडेपाच तास. ती कुणी, कुठल्या महिन्यात चालली होती, हे आम्ही पाहिलंच नव्हतं. संजीवनी माचीवरून उतरलो, धारेवर ऊन तापलं, आणि ज्या ओढ्यावर बाटल्या भरायच्या होत्या तिथं नुसते दगड. खिंडीजवळच्या धनगराच्या घरी पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. मावशींनी हंड्यातलं पाणी दिलं. आमचे चेहरे बघितले, मग आमच्या बाटल्या.

“कुठं, तोरण्याला?”

“हो मावशी. फोनवर अडीच तास दाखवतंय.”

“तो ओढा आटून दोन महिनं झालं. म्होरं बुधल्यापातुर पानी न्हाई. आन् वर गेल्यावर वेल्ह्यात उतराया अंधार व्हईल.” मग रस्त्याकडे हात करून म्हणाल्या, “हितनंच खाली जावा. पाचाला गाडी हाय.”

आम्ही उतरलो. गाडी पावणेसहाला आली.