रांगेच्या मध्यावरचा गडी

अमेरिकेंतील विद्यापीठांत फुटबॉल म्हणून जो खेळ खेळला जातो, तो आमच्याकडील फुटबॉलाहून अगदीं निराळा आहे. त्यांतील चेंडू लांबोळा. तो हातांत घेऊन पळतात, आणि पळणाऱ्यास वाट करून देण्यासाठीं अकरांपैकीं सात गडी रांग धरून प्रतिपक्षाशीं अक्षरशः झुंजतात. टाळ्या पळणाऱ्यास मिळतात. रांगेंतल्याच्या वांट्यास चिखल आणि धक्के येतात. रांगेच्या बरोबर मध्यावर उभा राहून चेंडू मागें देणारा जो गडी, त्यास तर चेंडू हातांतून सुटतो न सुटतो तोंच समोरच्याचा मारा सोसावा लागतो. हें काम ज्यांनीं असामान्य कौशल्यानें केलें, त्या विल्यम हेन्री लुइस ह्यांची ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी असें मनांत आहे.

लुइस ह्यांचा जन्म १८६८ सालीं व्हर्जिनियांत झाला. आईबाप पूर्वींचे गुलाम; गुलामगिरी कायद्यानें नष्ट होऊन तेव्हां अवघीं तीन वर्षें झालीं होतीं. मॅसॅच्युसेट्समधील ॲम्हर्स्ट कॉलेजांत ते संघाचे कर्णधार झाले, आणि १८९२ सालीं पदवी घेऊन कायद्याच्या अभ्यासासाठीं हार्वर्डला गेले. त्या जागेच्या मानानें शरीर हलकेंच. परंतु चपळाई व डोकें ह्यांच्या बळावर १८९२ व १८९३ अशीं दोन वर्षें देशांतील सर्वोत्तम अकरांत त्यांची निवड झाली. हा मान मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णी खेळाडू. १८९२ च्या येलविरुद्धच्या सामन्यांत हार्वर्डनें पाचरीचा तो प्रसिद्ध डाव काढला, त्याच संघांत लुइस होते. पुढें सुमारें बारा वर्षें त्यांनीं हार्वर्डच्या खेळाडूंस शिकविलें, आणि १८९६ सालीं ह्या खेळावर एक पुस्तकही लिहिलें. खेळण्याइतकीच खेळाची मीमांसा करण्याची आवड असणारे गडी विरळा!

मैदानावर टाळ्या वाजविणारे हात मैदानाबाहेर मात्र आंखडते होत. हार्वर्डमध्यें शिकत असतांच एका न्हाव्यानें त्यांची हजामत करण्याचें नाकारलें. लुइस ह्यांनीं तक्रार विधिमंडळापर्यंत नेली, आणि कायद्यांत दुरुस्ती होऊन हजामतीचीं दुकानेंही त्याच्या कक्षेंत आलीं. वकिलीचें खरें शिक्षण तेथेंच झालें, असें आम्हांस वाटतें.

१९०३ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनीं त्यांस बॉस्टन येथें सरकारी वकिलाचे सहाय्यक नेमलें. १९११ सालीं टॅफ्ट ह्यांच्या कारकीर्दींत ते संयुक्त संस्थानांचे सहाय्यक ॲटर्नी जनरल झाले. इतकें उच्च पद शासनांत तोंवर कोणाही कृष्णवर्णीयास लाभलें नव्हतें. त्याच वर्षीं अमेरिकन बार असोसिएशननें त्यांस सभासद करून घेतलें. पण सभासद कोणत्या वर्णाचा आहे हें कळतांच १९१२ सालीं कार्यकारी मंडळानें ती निवड रद्द ठरविली. लुइस ह्यांस राजीनामा देण्याचा आग्रह झाला. त्यांनीं तो दिला नाहीं. त्यांचे वरिष्ठ विकरशॅम ह्यांनीं असोसिएशनच्या सुमारें ४,७०० सभासदांस पत्र लिहून मंडळाच्या कृत्याचा निषेध केला. शेवटीं मिलवॉकीच्या बैठकींत तडजोड निघाली. लुइस व आणखी दोघे कृष्णवर्णी वकील सभासद राहिले. मात्र पुढें येणाऱ्या प्रत्येक उमेदवारानें अर्जांत आपला वर्ण लिहावा, असें ठरलें. म्हणजे लुइस ह्यांनीं आपली जागा राखली, पण मागून येणाऱ्यांस दार बंद झालें. जेथें कायद्याचे जाणते जमतात तेथेंच ही युक्ति सुचावी, ह्याचें वैषम्य वाटल्यावांचून राहत नाहीं.

सभासदत्व वर्णावर अवलंबून राहणार नाहीं, असा ठराव त्या संस्थेनें १९४३ सालीं केला. लुइस तेव्हां हयात होते. बॉस्टन येथें १९४९ सालीं ते वारले. कॉलेज फुटबॉलच्या सन्मानगृहांत त्यांचें नांव दाखल झालें, तें २००९ सालीं.