पत्र्याच्या डबीला पडलेला पोचा : रायफलच्या मॅगझिनचा इतिहास

१/ ‘मॅगझिन’ म्हटले की मराठी वाचकास आधी मासिक आठवते आणि मागाहून बंदूक. दोन्ही अर्थांचे मूळ एकच आहे : अरबीतील ‘मखाझिन’, म्हणजे कोठारे. युरोपात दारूगोळ्याच्या कोठाराला हे नाव पडले. १७३१ साली लंडनमध्ये ‘जंटलमन्स मॅगझिन’ निघाले आणि लेखांच्या कोठारालाही तेच नाव लाभले. पुढे रायफलखाली बसणाऱ्या काडतुसांच्या डबीनेही ते उचलले.

२/ आजचा धागा या डबीविषयी आणि तिला पडणाऱ्या पोच्याविषयी आहे. रायफलची नळी आणि बोल्ट यांवर ग्रंथ लिहिले गेले. डबीच्या वाट्याला तळटीप आली. तरीही शस्त्र ऐन वेळी अडले, की जाणकाराचा पहिला संशय डबीवरच जातो. गेल्या सुमारे दीडशे वर्षांत प्रत्येक सैन्यापुढे एक प्रश्न उभा राहिला : ही डबी रायफलचा अवयव मानावी, की काडतुसांबरोबर खर्ची पडणारी वस्तू? उत्तर चुकले तेथे किंमत आघाडीवरच्या शिपायाने मोजली.

३/ रचना वरवर साधी आहे. पत्र्याची पेटी, तळाशी स्प्रिंग, स्प्रिंगवर काडतुसांना उचलणारी पट्टी आणि तोंडाशी आत वळवलेल्या दोन कडा. या कडांना ‘ओठ’ म्हणतात. सर्वांत वरचे काडतूस ओठांखाली अडून राहते. बोल्ट पुढे येताना त्याला मागून ढकलतो आणि ते नळीच्या मुखात शिरते. स्वयंचलित शस्त्रात हे सारे सेकंदाच्या अल्पशा अंशात घडते, आणि तेवढ्याच अवधीत स्प्रिंगला उरलेली सर्व काडतुसे वर उचलावी लागतात.

४/ आता पेटीच्या बाजूला पोचा पडला असे समजा. आत काडतुसांना सरकण्यापुरतीच जागा असते. पोचा ती जागा खातो. पट्टी तिरकी होते, काडतूस वेळेवर वर येत नाही आणि बोल्ट रिकाम्या जागेवरून पुढे निघून जातो. ओठ बिघडले तर दुखणे अधिक खोल. ते फाकले तर एकाऐवजी दोन काडतुसे उसळतात. आवळले तर एकही सुटत नाही. घरातल्या तपेल्याला पोचा पडला तरी त्यात पाणी राहते. मॅगझिनला ही सवलत नाही.

५/ सुटी होणारी उभी डबी रूढ करण्याचे श्रेय जेम्स पॅरिस ली यांना दिले जाते. जन्म स्कॉटलंडमध्ये, १८३१ साली, बालपण कॅनडात, कर्तृत्व अमेरिकेत. तोवर अनेक रायफलींत काडतुसे नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक भरली जात. ली यांनी १८७९ साली पेटंट घेतलेल्या रचनेत ती बोल्टच्या खाली, एकावर एक रचली गेली. डबी खालून बसवावी आणि खालूनच काढावी, अशी ती योजना होती.

६/ ब्रिटिश सैन्याने ही रचना १८८८ च्या ली-मेटफर्ड रायफलीत स्वीकारली. डबीत आरंभी आठ काडतुसे मावत, पुढे दहा मावू लागली. मात्र सेनाधिकाऱ्यांच्या मनातील धास्ती पाहण्यासारखी आहे. डबी निघू शकत होती, तरी ती छोट्या कडीने रायफलला जखडलेली असे. शिवाय डबीचे तोंड झाकणारी ‘कट-ऑफ’ नावाची आडवी पट्टी होती. शिपायाने एकेक काडतूस हाताने घालावे आणि डबीतील साठा संकटसमयासाठी राखावा, असा तिचा हेतू होता.

७/ ली-एनफिल्डच्या १९०३ च्या आखूड रूपातही डबी रायफलीतच राही आणि पाच-पाच काडतुसांच्या क्लिपा वरून दाबून भरल्या जात. या पद्धतीचा एक लाभ सहसा सांगितला जात नाही. डबी रायफल सोडून कोठे जात नसल्याने ती आपटत नसे, चेपत नसे, आणि तिचे ओठ त्याच रायफलीशी जुळवून ठेवता येत. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात हीच रायफल भारतीय सैन्यासाठी बनू लागली, आणि आपल्या पोलिसांच्या खांद्यावर ती एकविसाव्या शतकापर्यंत दिसत राहिली.

८/ पहिल्या महायुद्धाने हे चित्र पालटले. हलक्या मशीनगनला दहा काडतुसे पुरेनात. भरलेल्या डब्या सोबत वाहून नेणे भाग पडले. फ्रान्सची १९१५ ची ‘शोशा’ गन या संक्रमणाचे करुण उदाहरण आहे. तिचे ८ मिलिमीटरचे काडतूस बुडाशी रुंद आणि टोकाकडे निमुळते होते. अशी वीस काडतुसे रचायची तर डबी अर्धचंद्राकारच करावी लागली. ती पातळ पत्र्याची होती, आणि उरलेली काडतुसे दिसावीत म्हणून तिच्या एका बाजूला मोठ्या खिडक्या ठेवल्या होत्या.

९/ खंदकातल्या चिखलाला त्या खिडक्या म्हणजे उघडे दारच मिळाले. पातळ पत्रा हाताळताना चेपे, स्प्रिंग दमे, आणि गन पुन्हापुन्हा अडे. अनुभवी तोफची वीसऐवजी काही काडतुसे कमीच भरत. सुमारे अडीच लाख शोशा गन बनल्या. १९१८ मध्ये फ्रान्सला आलेल्या अमेरिकी तुकड्यांच्या हातीही त्या पडल्या. या गनची अपकीर्ती आजही टिकून आहे, आणि तिच्यात डबीचा वाटा फार मोठा आहे.

१०/ या धड्याला ब्रिटिशांनी दिलेले उत्तर म्हणजे ब्रेन गन. मूळ रचना चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो येथील, सिद्धता एनफिल्डची. दोन्ही गावांच्या आद्याक्षरांतून ‘ब्रेन’ हे नाव घडले. .३०३ काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेमागे अडकली, की दोन्ही काडतुसे रुततात. म्हणून ब्रेनचे मॅगझिन वक्र केले, भक्कम पोलादाचे केले आणि गनच्या डोक्यावर बसवले. क्षमता तीस काडतुसांची. प्रघात अठ्ठावीस भरण्याचा.

११/ अधिक महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. १९३७ च्या नमुन्याच्या कापडी साजातील छातीवरचे खिसे ब्रेनची मॅगझिने मावतील अशा मापाचे शिवले गेले. सेक्शनमधील रायफलधारी शिपाईही ब्रेनची मॅगझिने वाहू लागले. डबी एका माणसाची न राहता सबंध तुकडीची झाली. ती हातोहात फिरू लागली, जमिनीवर पडू लागली, आणि तिची निगा हे सर्वांचे काम झाले.

१२/ मॅगझिन बदलण्याचे काही क्षण केवढे मोठे असतात, हे महाराष्ट्राच्या एका सुपुत्राची कथा सांगते. तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री. १० जुलै १९४४, इटलीतील टायबर नदीचे वरचे खोरे. जवळून होणाऱ्या मशीनगनच्या माऱ्यात सेक्शनमधील सारे जवान ठार वा जखमी झाले. उरले एकटे नाईक यशवंत घाडगे. वय बावीस.

१३/ घाडगे एकटे त्या मोर्चावर धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला; टॉमीगनने आणखी एकास टिपले. व्हिक्टोरिया क्रॉसच्या अधिकृत नोंदीनुसार त्यानंतर मॅगझिन बदलण्यास वेळच उरला नव्हता. त्यांनी गन नळीकडून धरली आणि तिच्याच प्रहारांनी उरलेल्या दोघांना संपवले. शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून त्याच जिंकलेल्या मोर्चात त्यांनी देह ठेवला. रायगड जिल्ह्यातील माणगाव येथे त्यांचा पुतळा आहे.

१४/ त्या दिवशीच्या मॅगझिनमध्ये दोष होता असे कोणतीही नोंद म्हणत नाही. पण रिकामे मॅगझिन काढून भरलेले बसवण्याइतकाही अवधी जेथे नसतो, तेथे चेपलेले मॅगझिन खाचेत अडणे म्हणजे काय, हे यावरून उमगावे. सैन्यात शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या आर्मोररचे महत्त्व येथे आहे. भारतीय सैन्यात १९४३ साली विद्युत व यांत्रिकी अभियंत्यांचे स्वतंत्र दल उभे राहिले, आणि शस्त्रदुरुस्ती हे त्याच्या मुख्य कामांपैकी एक ठरले.

१५/ पोचा काढण्याचे तत्त्व कोणताही तांबट सांगेल : आतून नेमक्या आकाराचा ठोकळा, बाहेरून बेताचे ठोके. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर मठारकाम होते ते दिसायला सुंदर असतेच. शिवाय त्या ठोक्यांनी धातू कठीण आणि भांडे बळकट होते. यातच मर्यादाही दडलेली आहे. पोचा पडताना पत्रा ताणला जातो, आणि ताणलेला पत्रा पहिल्या मापावर पुरता परतत नाही. वारंवार वाकवला तर तो कडक होऊन तडकतो. पोलाद हे बरेच सोसते. ॲल्युमिनियम फारसे सोसत नाही.

१६/ हे गणित सोव्हिएत अभियंत्यांनी धीराने सोडवले. एके-४७ चे पहिले मॅगझिन १ मिलिमीटर जाड पोलादी पत्र्याचे, सपाट बाजूंचे आणि रिकामे असताना ०.४३ किलो वजनाचे होते. पुढे पत्रा ०.८ मिलिमीटरवर आणला आणि बाजूंवर उठावदार पन्हाळ्या काढल्या. वजन ०.३३ किलोवर उतरले, तरी ताकद टिकली. पन्हाळीदार पत्रा सपाट पत्र्यापेक्षा सहजी चेपत नाही, हे आपल्या घरांची छपरेही दाखवतात. ॲल्युमिनियमचे ०.१९ किलोचे मॅगझिनही करून पाहिले. ते फार लवकर इजा पावते असे आढळताच मागे घेतले.

१७/ अमेरिकेने नेमकी उलटी वाट धरली. एम-१६ चे वीस काडतुसांचे मॅगझिन पातळ ॲल्युमिनियमचे होते. ते हलके असावे आणि वापरून टाकून द्यावे, ही कल्पना. कागदावर ती निर्दोष होती. व्हिएतनामच्या जंगलात मात्र शिपाई मॅगझिन टाकत नव्हता. पुढचे कधी मिळेल याची शाश्वती नसल्याने तो तेच पुन्हा भरत होता. टाकण्यासाठी बनवलेली वस्तू टिकवून वापरली गेली. अनेक जण वीसऐवजी अठराच काडतुसे भरत.

१८/ येथे न्याय्य राहिले पाहिजे. एम-१६ अडण्याच्या ज्या तक्रारींची चौकशी १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने केली, त्यांची मुख्य कारणे निराळी होती : बदललेली दारू, क्रोमचा लेप नसलेला चेंबर, स्वच्छतेच्या साधनांचा आणि शिक्षणाचा अभाव. मॅगझिनचा दोष त्यांत भर घालणारा होता. तरी त्याच्या सुधारणा पुढे अनेक दशके चालूच राहिल्या. काडतुसे उचलणाऱ्या पट्टीचे नवे रूप तर २००९ साली सैन्यात आले.

१९/ चेपलेले मॅगझिन घरी बसून सरळ करण्याचा उद्योग अमेरिकेत पूर्वीपासून होता. एका कायद्याने त्याला वेगळेच मोल दिले. १३ सप्टेंबर १९९४ पासून दहापेक्षा अधिक काडतुसांची नवी मॅगझिने नागरिकांना विकण्यास बंदी आली. आधी बनलेली मात्र कायदेशीर राहिली. साहजिकच जुन्या पत्र्याच्या डब्यांचे भाव चढले आणि टाकून देण्याजोगी वस्तू जपण्याजोगी झाली. २००४ मध्ये कायद्याची मुदत संपली.

२०/ घरच्या कारागिराला बाजूचा पोचा लाकडी ठोकळ्यावर काढता येतो. ओठांचे माप मात्र अंदाजाने साधत नाही. त्याला मोजणीची गेज लागते. कित्येक मॅगझिनांच्या ओठांना उष्णतेची प्रक्रिया देऊन कठीण केलेले असते. पुन्हा तापवले तर तो कठीणपणाच जातो. म्हणून सराव करणाराही अशी डबी केवळ सरावापुरती वेगळी ठेवतो. आपल्याकडे शस्त्राचे सुटे भागही शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कक्षेत येतात. हा विषय आपल्यासाठी अभ्यासाचा आणि संग्रहालयाचा आहे.

२१/ प्लास्टिक आले तेव्हा पोच्याचा प्रश्न मिटला असे वाटले. प्लास्टिक चेपत नाही, दाब सरताच मूळ आकार घेते. पण ते तडकते. भारतीय बनावटीच्या इन्सास रायफलीला पोलादी डबीऐवजी प्लास्टिकचे मॅगझिन दिले गेले, आणि १९९९ च्या कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीत ती मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी प्रसिद्ध झाल्या. पोचा निदान दुरुस्त होतो. तडा जोडता येत नाही.

२२/ तात्पर्य एवढेच की शस्त्राची विश्वासार्हता त्याच्या सर्वांत स्वस्त भागावर तोललेली असते, आणि तो भाग किती दिवस वापरला जाईल हे कारखाना ठरवत नाही; रसद तुटलेला शिपाई ठरवतो. एखाद्या सैनिकी संग्रहालयात ब्रेन गन दिसली तर नळीकडे पाहून पुढे जाऊ नका. वर उभ्या असलेल्या वक्र डबीपाशी थांबा, तिच्या बाजू न्याहाळा. एखादा पोचा दिसलाच, तर तो कोणाच्या तरी छातीवरच्या खिशातून तेथवर आलेला असू शकतो.